नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. माझी धाकटी तेव्हा पाचवीत होती. रोज सकाळी शाळेची वेळ झाली, की तिच्या पोटात दुखायला लागायचं. आधी ओव्याचं पाणी दिलं, मग बेंबीला हिंग लावून बघितला, शेवटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि म्हणाले, "वहिनी, हे पोटाचं दुखणं नव्हे. रविवारी दुखतंय का तेवढं बघा." रविवारी अर्थातच दुखलं नाही. रविवारी बाईसाहेब रंकाळ्यावर जाऊन भेळ खाऊन आल्या!

सोमवारी डबा जसाच्या तसा परत आला. मी काही न बोलता तिला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवत बसले. तेव्हा कुठं बांध फुटला. "शाळेत मला सगळी ढबू म्हणतात. 'ढबू मिरची आली, ढबू मिरची आली' करत पाठीमागं येतात. मी डबा उघडला की, 'ढबू किती खाती बघा रे' म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. "कोण म्हणतंय? नावं सांग मला. उद्याच येतो शाळेत, बघतो एकेकाकडं!" मी कडाडले.

तिनं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, पण तूच म्हणतीस की!"

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी जेवले नाही. खरंच होतं तिचं. तान्ही असताना तिचे गाल असे वर आलेले होते, की मीच कौतुकानं तिला 'ढबू' म्हणायला लागले. मग आजी, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांची ती ढबू झाली. मे महिन्यात तिच्या वाढदिवसाला वर्गातली सात-आठ मुलं घरी आली होती. त्यांच्यासमोर मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं हाक मारली होती, "ए ढबू, प्लेटा घेऊन जा गं!" मुलं फिसकन हसली होती. मीही हसले होते. जूनमध्ये शाळा उघडली आणि माझी हाक माझ्याआधी वर्गात जाऊन बसली.

आपल्या मराठीची गंमत बघा. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते, त्याला आपण 'नाव ठेवणं' म्हणतो. आणि एखाद्याची टिंगल करणं, खोट काढणं, त्याला म्हणतो 'नावं ठेवणं'. मध्ये फरक फक्त एका टिंबाचा! एकात घुगऱ्या आणि पेढे, दुसऱ्यात डोळ्यांतलं पाणी. त्या दिवसापर्यंत मी समजत होते, की पहिलं काम घरात होतं आणि दुसरं शाळेत. पण मुलांना चिडवायची जी नावं असतात, त्यातली किती तरी आपल्या घरातूनच बाहेर पडलेली असतात, हे मला त्या रात्री कळलं. आणि मग मला साताऱ्याची ती बातमी आठवली.

आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. २२ ऑक्टोबर २०११ चा तो दिवस. कोल्हापूरहून पुण्याच्या वाटेवर लागणाऱ्या आपल्या शेजारच्या साताऱ्यात एक आगळंवेगळं बारसं झालं. एक-दोन नव्हे, तब्बल २८५ मुलींचं! या मुली पाळण्यातल्या नव्हत्या. शाळेत जाणाऱ्या, काही तर वयात आलेल्या मुलीही त्यांच्यात होत्या. त्या सगळ्यांचं नाव आतापर्यंत जवळजवळ एकच होतं. कुणी नकुसा, कुणी नकोशी. म्हणजे 'नको असलेली'. एकामागून एक मुली झाल्या, मुलाची वाट बघून घर थकलं, की पुढच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचं. असं नाव ठेवलं, की देवाला कळतं आणि मग तो मुलगा देतो, अशी समजूत!

साताऱ्याचे त्या वेळचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या कल्पनेतून हा नामकरणाचा कार्यक्रम उभा राहिला. जिल्ह्यातल्या नकुसा शोधल्या गेल्या. ठेवणीतले कपडे घालून, केसांना क्लिपा, रिबिनी लावून मुली आल्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. त्या वेळच्या बातम्यांत पंधरा वर्षांच्या एका मुलीबद्दल आलं होतं. आता शाळेत मैत्रिणी आपल्याला नव्या नावानं हाक मारतील, याचा तिला फार आनंद झाला होता.

बघा हं, त्या मुलीला पहिल्यांदा काय आठवलं? सरकारी कागद नव्हे, पुढं होणारं लग्न नव्हे. तिला शाळा आठवली! कारण रोज सकाळी हजेरी होत असणार. रोज भर वर्गात कुणीतरी मोठ्यानं वाचत असणार, 'नकोशी', आणि तिनं उभं राहून म्हणायचं, 'हजर'. या मुलीला चिडवायला वर्गातल्या पोरांना वेगळं नाव शोधायची गरजच नव्हती. आई-वडिलांनी ते आयतं करून, दाखल्यावर लिहून दिलं होतं. इतर मुलं निदान 'माझं नाव ते नव्हे, हे आहे' असं म्हणू तरी शकतात. नकुसानं काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, वाईट नावं ठेवायची तर आपल्याकडे जुनीच पद्धत आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं काय चांगल्या अर्थाची आहेत? अगदी बरोबर. पूर्वी पाठोपाठ मुलं दगावली, की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम असं ठेवायचे. हा नुसता धोंडा आहे, केर आहे, याला कुणाची नजर लागू नये, हा आपल्याला राहावा, म्हणून. म्हणजे नाव ओबडधोबड, पण त्याच्या पोटात माया. धोंडा म्हणायचं आणि काळजाशी धरायचं! नकुसाचं नेमकं उलटं. तिथं नाव ठेवलं ते ती राहावी म्हणून नव्हे, तिच्या पाठीवर मुलगी येऊ नये म्हणून. म्हणजे तिचं नावसुद्धा तिच्यासाठी नव्हतं. ते अजून न जन्मलेल्या भावासाठी होतं.

आणि हे काही साताऱ्यातच होतं असं नाही. हरियाणात 'भतेरी' म्हणजे 'पुष्कळ झाल्या', राजस्थानात 'धापू' म्हणजे 'पोट भरलं' अशी नावं मुलींना ठेवलेली आढळतात. आपण कोल्हापूरकरांनीही नाक वर करायचं कारण नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती होत्या? फक्त ८३९. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले, त्यावर नजर ठेवली गेली, त्याची सगळीकडे चर्चा झाली. म्हणजे साताऱ्याच्या नकुसा निदान जन्मल्या, शाळेत गेल्या आणि एक दिवस त्यांना नवं नाव मिळालं. आपल्याकडच्या किती तरी जणींना नाव ठेवायची वेळच आली नाही.

मी ही बातमी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितली. विषय मुलांच्या चिडवण्याचा निघाला होता, म्हणून मी म्हटलं, "आज हप्त्याचं नंतर बघू. आधी प्रत्येकीनं सांगायचं, शाळेत असताना तुम्हाला काय म्हणून चिडवायचे?"

आधी हशा पिकला. "कशाला जुनी मढी उकरताय ताई!" कुणीतरी म्हणालं. मग एकीनं सांगितलं, 'काळी मांजर'. दुसरीनं सांगितलं, 'बोळकी', पुढचे दात पडून वर्षभर आले नव्हते म्हणून. एकजण उंच, ती 'शिडी'. एकीचे वडील गावात हजामती करायचे. तिनं नाव सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "जातीवरनंच काय ते." खोलीत एकदम शांतता झाली. लग्न होऊन पुण्याला दिलेली आणि तेव्हा माहेरपणाला आलेली एकजण म्हणाली, "मला शाळेत न्हाई, मोठेपणी चिडवलं. आपण कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतो ना? तिकडं सोसायटीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. 'आला बघा बाप्या' म्हणायच्या. सहा महिने मी तोंडच उघडलं न्हाई."

गंमत म्हणजे कुणालाच आठवायला वेळ लागला नाही. आठवीत कोण पहिलं आलं होतं, गणिताला कोण बाई होत्या, हे सगळं विसरलेल्या बायकांना चिडवायचं नाव मात्र काल ऐकल्यासारखं आठवत होतं. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यासकट!

शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी उरल्या. साठीच्या. बैठकीत कधी बोलत नाहीत, हप्ता देतात आणि सही करून उठतात. त्या म्हणाल्या, "मला चिडवायला लागतच नव्हतं. माझं नावच नकोशी हुतं."

आम्ही सगळ्या गप्प.

"चौथीपतोर शाळेत गेलो. मास्तर हजेरी घ्यायचे तवा पोरं आधीच हसायला लागायची. मी 'हजर' म्हणायचंच सोडलं. मास्तरांनी गैरहजेरी मांडली. मग घरातनं म्हणाले, हिला शिकायचं न्हाई, बंद करा शाळा." मावशी थांबल्या. "लगीन झालं, तांदळात नवीन नाव लिवलं. बाकीच्या बायका म्हणत्यात, माहेरचं नाव गेलं म्हणून रडाय आलं. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाची!"

लग्नात बाईचं नाव बदलायला आपण आज विरोध करतो आणि ते योग्यच आहे. पण एखादीला तांदळात लिहिलेलं परकं नाव हीच सुटका वाटावी, याला काय म्हणायचं? मावशींची शाळा कशानं सुटली? गरिबीनं नाही, घरकामानं नाही. हजेरीच्या एका शब्दानं सुटली.

घरी येताना माझ्या मनात सारखं येत होतं, माझ्या लेकीचं पोटदुखणं आणि मावशींचं 'हजर' न म्हणणं यात फरक तो किती? मी डॉक्टरांच्या एका वाक्यावर थांबले नसते, 'नाटकं करती' म्हणून ओढत शाळेत नेलं असतं, तर?

अशा वेळी आपण मोठी माणसं मुलांना तीन ठरलेले सल्ले देतो. पहिला, 'लक्ष देऊ नको, आपोआप गप बसतील.' दुसरा, 'तूही त्यांना नावं ठेव.' आणि तिसरा, जो मी दिला, 'कोण म्हणतंय सांग, बघते त्याच्याकडं.' पहिल्या सल्ल्यानं मूल एकटं पडतं. त्याला वाटतं, आईलासुद्धा हे किरकोळ वाटतंय. दुसऱ्यानं भांडण वाढतं आणि जे मूल मुळात दबलेलं आहे, त्याला ते जमतच नाही. तिसऱ्यानं पुढच्या वेळी मूल घरी सांगणंच बंद करतं, कारण आई शाळेत येऊन तमाशा करील ही भीती त्या चिडवण्यापेक्षा मोठी असते. माझ्या लेकीनं दोन आठवडे पोटदुखी सोसली, पण सांगितलं नाही, त्याचं हेच कारण होतं. तिनंच पुढं कधीतरी सांगितलं.

म्हणजे सगळंच चिडवणं वाईट का? तसं मुळीच नाही. मैत्रिणी-मैत्रिणींत थट्टामस्करी चालतेच. ती दोन्ही बाजूंनी असते आणि दोघीही हसतात. फरक कुठं असतो? नॉर्वे देशात १९८२ साली दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. बरोबरीच्या मुलांकडून होणारा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं पुढं आलं. देश हादरला आणि १९८३ मध्ये तिथं देशभरातल्या शाळांसाठी मोहीम सुरू झाली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. एक, मुद्दाम केलेलं असतं. दोन, पुन्हा पुन्हा होतं. आणि तीन, ज्याला चिडवतात त्याला उलटून तोंड देणं अवघड असतं. एकजण आणि समोर दहाजण, किंवा एक नवखा आणि समोर वर्गातला दादा. या तीन खुणा दिसल्या, की ती थट्टा राहिली नाही असं समजावं.

पुढं फिनलंड देशात 'किवा' नावाचा एक कार्यक्रम तयार झाला आणि तिथल्या शाळांमध्ये राबवला गेला. त्यातला विचार मला फार पटला. चिडवणारा आणि ज्याला चिडवतात तो, या दोघांपुरतंच बघायचं नाही. बाजूला उभं राहून हसणारी जी बाकीची मुलं असतात, त्यांच्याकडे बघायचं. कारण हसणारं कुणी नसेल, तर चिडवणाऱ्याला मजाच येत नाही! मावशींच्या वर्गातही मास्तर हजेरी वाचायचे, नाव वाईट होतं हे खरं. पण मावशी बसल्या त्या पोरांच्या हसण्यानं. एखाद्या मुलीनं तरी त्या दिवशी न हसता त्यांचा हात धरला असता तर?

मग मी माझ्या घरापासून सुरुवात केली. आधी लेकीला समोर बसवून तिची माफी मागितली. "माझी चूक झाली. मी लाडानं म्हणत होतो, पण ते तुला आवडतंय का, हे कधी विचारलं नाही." ती म्हणाली, "घरात आवडायचं. सगळ्यांसमोर नव्हतं आवडत." बघा, मुलांना किती नेमकं कळत असतं! मग घरात सगळ्यांना सांगितलं, आजपासून पूर्ण नावानं हाक मारायची. चुकेल त्यानं फ्रीजवरच्या बरणीत एक रुपया टाकायचा. पहिल्या आठवड्यात सासूबाईंचे एकट्यांचे सोळा रुपये झाले! "जिभेला वळण लागलंय गं, मी काय करू?" त्या म्हणायच्या आणि कनवटीचा रुपया काढून टाकायच्या. दिवाळीपर्यंत बरणी भरायची थांबली.

या बरणीनं मला एक गोष्ट शिकवली. कागदावरचं नाव एका दिवसात बदलता येतं, माणसांच्या जिभेवरचं नाव बदलायला महिने जातात. साताऱ्याच्या त्या कार्यक्रमाचं मोल मला म्हणूनच वाटतं. मुलींची नावं गुपचूप बदलली गेली नाहीत. सगळ्यांसमोर बदलली गेली. जे नाव चारचौघांत ठेवलं, ते चारचौघांतच मागं घ्यायला लागतं. त्या मुलींनी किंवा माझ्या लेकीनं ते एकटीनं झटकून टाकावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिनं ते घेतलेलं नसतं, आपण दिलेलं असतं.

शाळेतही मी गेले. पण तमाशा करायला नाही. वर्गशिक्षिकेला शाळा सुटल्यावर एकटीला भेटले. कोण म्हणतं त्यांची नावं सांगितली नाहीत, काय होतंय तेवढं सांगितलं आणि नावाचा उगम आमच्याच घरात आहे हेही कबूल केलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी एक साधी गोष्ट केली. मुलांना घरून आपल्या नावाची गोष्ट विचारून यायला सांगितली. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, अर्थ काय. आठवडाभर रोज चार-पाच मुलं वर्गापुढे उभी राहून आपल्या नावाची गोष्ट सांगायची. कुणाचं नाव पणजोबांचं, कुणाचं सिनेमावरून, कुणाचं नाव आईनं भावांशी भांडून ठेवलेलं. ज्याच्या नावाची गोष्ट आपण ऐकली, त्याला दुसऱ्या नावानं हाक मारणं जरा अवघडच जातं! चिडवणं एका दिवसात बंद झालं नाही. पण पोटदुखी थांबली.

ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना माझ्या अनुभवातून दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मूल सांगायला लागलं, की आधी पूर्ण ऐकून घ्या. मध्ये रागावू नका, हसू नका, 'तूच काहीतरी केलं असशील' असं तर अजिबात म्हणू नका. शाळेच्या वेळेला दुखणारं पोट, न खाल्लेला डबा, हरवलेली वही, मधल्या सुट्टीत एकटं बसणं याकडे लक्ष ठेवा. नाव कुठून आलं ते शोधा. आपल्या घरातून, गल्लीतून, की एखाद्या शिक्षकाच्या तोंडून? हो, शिक्षकसुद्धा कधी कधी 'ढ', 'जाड्या' म्हणून जातात आणि मग सगळ्या वर्गाला परवानाच मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायलाच नव्हे, तर त्यांचा मानसिक छळ करायलाही मनाई केली आहे, हे आपल्याला माहीत असावं.

मुलाला एक छोटं वाक्य घरात आरशासमोर म्हणायला लावा. 'माझं नाव अमुक आहे. मला त्या नावानं हाक मार.' एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. वर मान करून म्हणायचं आणि तिथून आपल्या मैत्रिणीकडे निघून जायचं. आणि एक तरी मैत्रीण, मित्र असा जोडून द्या. त्याच्या आईला चहाला बोलवा, मुलांना एकत्र पाठवा.

चिडवणं थांबत नसेल, तर तारीख-वार लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळांमध्ये 'सखी सावित्री' समिती असावी, असा शासन निर्णय २०२२ साली झाला आहे. आपल्या शाळेत ती आहे का, विचारा. त्रास हाताबाहेर जात असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या क्रमांकावर फोन करता येतो. आणि जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून बोललं जात असेल, तर 'पोरांचं काय एवढं' म्हणून सोडून देऊ नका. पोरांना जात कुणी शिकवली? आपणच, जेवणाच्या पानावर बसून.

वडिलांच्या नावावरूनही मुलांना किती टोचतात! आमच्या भागातली एक मुलगी आईजवळच वाढली. हजेरीत वडिलांचं नाव वाचलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, 'हे कोण? कधी दिसले नाहीत?' १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येईल, असा निर्णय राज्यानं घेतला आहे. ही मुलं शाळेत जातील तेव्हा हजेरी थोडी वेगळी ऐकू येईल. कागदानं सगळं होत नाही, हे बरणीनं शिकवलं आहेच. पण सुरुवात होते.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपलं मूल चिडवणाऱ्यांत तर नाही ना, हेही बघा. प्रत्येक आईला आपलं लेकरू सोसणारं वाटतं. मग चिडवणारी मुलं येतात कुठून?

आपल्या शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. मुलांना एका बाकावर त्यांनी आणून बसवलं. पण बाकावर शेजारी बसलेल्याला त्याच्या नावानं हाक मारणं, हा हुकूम कुणी राजा काढू शकत नाही. तो घराघरातच निघावा लागतो.

माझी लेक आता अकरावीला आहे. मध्यंतरी तिची एक जुनी वर्गमैत्रीण घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "काकू, आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. सगळी त्याला 'रेडिओ' म्हणायची. तुमची हीच एकटी त्याला नावानं हाक मारायची. मग मीही मारायला लागले. मग आणखी दोघी." लेकीनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तर ती पोह्यांची डिश घेऊन उठून आत गेली.

आणि आमच्या मावशी? त्या बैठकीनंतरच्या महिन्यात हप्ता गोळा करताना मी पहिल्यांदाच हजेरी मोठ्यानं वाचली. मावशींचं नाव घेतलं, लग्नात तांदळात लिहिलेलं. त्या क्षणभर थांबल्या. मग अशा ठणठणीत आवाजात 'हजर' म्हणाल्या, की बाहेर खेळणारी पोरं खिडकीशी येऊन बघायला लागली.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी मूल शाळेतून आलं, की त्याला एकच विचारा. "मी तुला ज्या नावानं हाक मारते, ते तुला आवडतं का?" उत्तर ऐकायला थोडा धीर लागेल. पण विचारा.